जीएनयू स्टो : /यूएसआर/लोकल आवरण्याचे साधन

लिनक्स वितरणाच्या पॅकेज व्यवस्थापकाने (सॉफ्टवेअर बसवणाऱ्या आणि काढणाऱ्या प्रोग्रॅमने) /यूएसआर सांभाळावे आणि यंत्र सांभाळणाऱ्या व्यक्तीने स्वतः बसवलेल्या सॉफ्टवेअरने /यूएसआर/लोकल मध्ये राहावे, ही वाटणी कोणत्या फाइली कुठे ठेवाव्यात हे सांगणाऱ्या फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डने (2015 ची आवृत्ती 3.0) स्पष्ट केली आहे. मात्र /यूएसआर/लोकल च्या आत 'मेक इन्स्टॉल'ने (कंपाइल केलेले सॉफ्टवेअर जागेवर बसवणाऱ्या आज्ञेने) बिन, लिब आणि शेअर या डिरेक्टरींत विखुरलेल्या फाइलींपैकी कोणती कोणाची, हे काही महिन्यांनी बसवणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि 'मेक अनइन्स्टॉल'ची सोय प्रत्येक प्रकल्पात असतेच असे नाही.

पर्लमध्ये लिहिलेले स्टो यावर साधा उपाय करते. प्रत्येक पॅकेज /यूएसआर/लोकल/स्टो खाली स्वतंत्र डिरेक्टरीत ठेवायचे. नेहमीच्या जागी केवळ सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे, दिसतात. वेगळा डेटाबेस नसल्यामुळे फाइलींची यादी दाखवणाऱ्या 'एलएस -एल' एवढ्यानेच फाइलीचा मालक कळतो, आणि हाच मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

नवशिक्याची चूक बहुधा प्रीफिक्समध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर कुठे बसेल त्या मार्गात, होते. कॉन्फिगर करतानाच (कंपाइल करण्यापूर्वीच्या तयारीतच) स्टोखालचा मार्ग दिला, तर तो प्रोग्रॅममध्ये कायमचा कोरला जातो. मग ईमॅक्ससारखा (लिस्प भाषेतून विस्तारता येणारा मजकूर-संपादक) प्रोग्रॅम इतर पॅकेजांच्या लिस्प फाइली स्वतःच्याच डिरेक्टरीत शोधत बसतो. म्हणून कॉन्फिगरला /यूएसआर/लोकल सांगावे आणि स्टोचा मार्ग 'मेक इन्स्टॉल'च्या वेळी द्यावा. कॉन्फिगर आणि मेकफाइल तयार करणारी ऑटोटूल्स ही साधने वापरणाऱ्या बहुतेक प्रकल्पांत हे चालते. इतरत्र मेकफाइल ('मेक'ला काय करायचे ते सांगणारी फाइल) वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी अडचण मी स्वतः ओढवून घेतली. एखादी डिरेक्टरी एकाच पॅकेजची असेल, तर स्टो आतल्या प्रत्येक फाइलीऐवजी संपूर्ण डिरेक्टरीलाच एक सिमलिंक देते. स्टोला वगळून मी थेट बसवलेल्या एका प्लगइनच्या फाइली त्या सिमलिंकमधून पहिल्या पॅकेजच्या घरात जाऊन पडल्या, आणि त्या पॅकेजची जुनी आवृत्ती पुसली तेव्हा त्याही गेल्या. 'नो-फोल्डिंग' हा पर्याय दिला असता तर हे टळले असते. तो मुळातच चालू का नसतो, हे मला पटलेले नाही.

दोन पॅकेजांची फाइल एकाच जागेवर हक्क सांगू लागली, तर स्टो काहीही न बदलता थांबते, ही शिस्त चांगली आहे. अवलंबित्वे (एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजे) मात्र ते पाहत नाही आणि लायब्ररींची नोंद ताजी करणारी 'एलडीकॉन्फिग' ही आज्ञाही आपणच चालवायची. अनेक यंत्रे सांभाळणाऱ्याने सरळ डेब किंवा आरपीएम (वितरणांच्या पॅकेज व्यवस्थापकांचे) पॅकेज बांधावे. स्वतःच्या एका यंत्रावर दहा-पंधरा सॉफ्टवेअरे कंपाइल करणाऱ्याला स्टो पुरेसे आहे.