हिरड्या सरकू लागल्यावर: साधा मऊ ब्रश की इलेक्ट्रिक?

गार पाण्याचा घोट घेतला की सुळ्याच्या मुळाशी सणकन कळ जाते आणि आरशात तो दात आधीपेक्षा लांब दिसतो. दात वाढलेला नसतो, हिरडी सरकून मूळ उघडं पडलेलं असतं. मुळावर इनॅमलचं कवच नाही, म्हणून गारगरम लगेच झोंबतं. गेलेली हिरडी आपोआप परत येत नाही. आहे ती टिकवायची, एवढंच ब्रशच्या हाती असतं.

खरेदीआधी हिरडी नीट बघा. ती गुलाबी, घट्ट आहे, पण दाताच्या कडेला नखाला खाच लागते? मग बहुधा जोर लावून घासणं नडतंय. लाल, सुजलेली असेल, घासताना रक्त येत असेल, तर कारण साठलेला प्लाक (दातांवरचा जंतूंचा चिकट थर) आणि कीटण (तोच थर कडक झालेला). विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. धूम्रपानाने रक्तस्राव दबतो आणि आजार आतल्या आत वाढतो.

साधा मऊ ब्रश स्वस्त, कुठेही मिळणारा, आणि नीट वापरला तर पुरेसा. ब्रश हिरडीच्या रेषेवर 45 अंशांत तिरका धरून जागच्या जागी हलवायचा, आडवा रगडायचा नाही. अडचण एकच, हाताचा जोर आपला आपल्याला कळत नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ब्रश दाबून पाहा. 150 ग्रॅमच्या आसपासचा दाब पुरे असतो, आणि तो वाटतो त्यापेक्षा फारच हलका निघतो. महिन्याभरात ब्रशचे केस फाकत असतील, तर तुम्ही घासत नाही, खरवडताय.

इलेक्ट्रिक ब्रश महाग, चार्जिंगची कटकट, वर डोकं बदलण्याचा खर्च. पण प्लाक तो काहीसा जास्त काढतो, आणि प्रेशर सेन्सर असलेला असेल तर जोर वाढताच दिवा लावून टोकतो. माझ्या मते पैसे त्या सेन्सरचेच. तो नसेल तर साध्या ब्रशवरच राहा. मात्र बोटं आखडत असतील, हात थरथरत असेल, तर बेलाशक इलेक्ट्रिक घ्या.

दातांमधल्या फटीत दोन्ही ब्रश पोचत नाहीत. दात एकमेकांना चिकटलेले असतील तर फ्लॉस, म्हणजे फटीत घालायचा बारीक दोरा. हिरडी सरकून फट उघडली असेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत घालायचा चिमुकला ब्रश, जास्त कामाचा, तोही फटीच्या मापाचा.

घट्ट बसलेलं कीटण मात्र कुठल्याच ब्रशने निघत नाही, त्याला स्केलिंगच, म्हणजे दाताच्या डॉक्टरांकडून केलेली सफाईच लागते. त्यानंतर सूज ओसरते आणि दात आणखी लांब दिसू लागतात. इथे बरेच जण घाबरून पुढची सफाई सोडून देतात. सोडू नका; सुजेखाली झाकलेलं नुकसान तेवढं उघडं पडलेलं असतं. दात हलत असेल किंवा खाच खोल होत असेल, तर ब्रशची निवड बाजूला ठेवून आधी हिरड्यांच्या डॉक्टरांना दाखवा. काही ठिकाणी तोंडातल्या टाळूची त्वचा घेऊन मूळ झाकता येतं, पण घासण्याची पद्धत तीच राहिली तर तीही पुन्हा सरकू शकते.