मांजर रात्री घरात ठेवायचं की बाहेर सोडायचं? नाशिककरांसाठी दोन्ही बाजू

आमच्याकडे सध्या दोन मांजरं आहेत, एक बोका आणि एक भाटी, आणि गेल्या तेरा वर्षांत घरात मांजर नाही असं कधी झालंच नाही. राहायला मखमलाबाद रोडला, रो-हाऊस, मागे एक द्राक्षबाग अजून टिकून आहे. ओळखीत कोणी पिल्लू आणलं की फोनवर पहिला प्रश्न हाच येतो, रात्री काय करता हो तुम्ही, सोडता की कोंडता? सासूबाईंचं म्हणणं मांजराला काय कोंडायचं, ते रात्रीचं जनावर. आमचे व्हेट म्हणतात अजिबात सोडू नका. मी दोन्ही करून बसलेय, आधीची सहा-सात वर्षं आमची मांजरं रात्री बाहेरच असायची आणि आता सगळी घरात असतात, म्हणून जे बघितलं ते सांगते.

आधी "रात्र" म्हणजे काय ते बघू, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथेच झाली. मांजर पूर्ण रात्रीचं जनावर नाहीये. त्याचा खरा जोर दिवेलागणीला आणि पहाटे तांबडं फुटताना असतो, मधल्या रात्री ते बऱ्यापैकी झोपतं. आपल्याला बघायला जेवढा उजेड लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्यात त्याचं भागतं, डोळ्याच्या मागे आरशासारखा पडदा असतो ना, गाडीच्या लाइटमध्ये डोळे चमकतात ते त्यामुळेच, आणि उंदीर, चिचुंद्र्या, पाली यांची वर्दळ पण त्याच अंधुक वेळेला असते. मी काय करायचे, रात्री दहाला दार लावायचे आणि पहाटे पाचला दूधवाला आला की उघडायचे आणि समाधान मानायचे की मांजर रात्री घरात असतं. म्हणजे धोक्याच्या दोन्ही वेळा ते बाहेरच. आमचा पहिला बोका गेला तो पहाटे साडेपाचला, रस्ता रिकामा म्हणून गाड्या सुसाट असतात तेव्हा. त्यामुळे पुढे मी "रात्री घरात" म्हणेन तेव्हा दिवे लागायच्या आधीपासून ते चांगलं उजाडेपर्यंत असं समजा.

आता बाहेरचे धोके. हे तुमच्या एरियावर फार अवलंबून आहे, एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही. आमच्यासारखं शेत नाहीतर मळे लागून असतील, म्हणजे मखमलाबाद, चांदशी, गंगापूर रोडचा पुढचा भाग, आडगावकडचे मळे, देवळाली कॅम्प, दारणाकाठची गावं, तर बिबट्या धरूनच चालायचं. तो उसात राहतो, कुत्री-मांजरं-कोंबड्या त्याला सोप्या पडतात आणि फिरतो अंधारातच. आणि फक्त शहराच्या कडेला येतो असंही नाही, २०१९ च्या जानेवारीत गंगापूर रोडजवळ सावरकर नगरमध्ये भर वस्तीत शिरला होता ते आठवत असेल. सिडको, इंदिरानगर, कॉलेज रोड अशा दाट भागात बिबट्याची भीती कमी, तिथे भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आणि गाड्या. दिवसा एकेकटं पडलेलं कुत्रं रात्री पाच-सहा जणांत असतं आणि तेव्हा मांजराला झाडावर चढायला वेळ मिळत नाही. थंडीत अजून एक, आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो आणि मांजरं ऊब शोधत नुकत्याच पार्क केलेल्या गाडीच्या बॉनेटखाली शिरतात. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारायची सवय लावून घ्या, मांजर पाळत नसाल तरी. पावसाळ्यात साप. घोणस, मण्यार रात्री फिरतात आणि मांजराला हलणाऱ्या वस्तूशी खेळल्याशिवाय राहवत नाही.

पण इतक्या वर्षांत आम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाने झाला असेल तर बोक्यांच्या भांडणाने. मांजराचा दात सुईसारखा, बाहेरून जखम दिसतच नाही, दोन दिवसांनी गालावर नाहीतर शेपटीच्या मुळाशी टेंगूळ येतं, ताप चढतो, खाणं बंद, मग ते गळू फुटून पू. प्रत्येक वेळी साफ करणं, अँटिबायोटिक, आठ दिवस मान खाली घालून बसलेलं मांजर बघणं. चाव्यातून एफआयव्ही नावाचा मांजरांचा विषाणू पसरतो, माणसाला होत नाही तो, पण मांजराची प्रतिकारशक्ती हळूहळू संपवतो आणि त्यावर पक्का इलाज नाही. आणि रेबीज! रात्री बाहेर कुत्र्याने, मुंगसाने की दुसऱ्या मांजराने चावलं हे तुम्हाला कळणारच नाही आणि सकाळी तेच मांजर पोरांच्या अंथरुणात येऊन झोपतं. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस काय आणि जनावर काय, वाचणं जवळजवळ अशक्य. म्हणून मांजर घरात ठेवा नाहीतर बाहेर सोडा, तीन महिन्यांचं झालं की अँटीरेबीज द्यायचंच आणि पुढे व्हेट सांगतील तसा बूस्टर. मांजर जोरात चावलं किंवा ओरबाडलं तर पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा, हळद लावून बसू नका.

घरात ठेवण्याचा एक फायदा मला कोणीच आधी सांगितला नव्हता. लिटर ट्रे, म्हणजे मांजराच्या शी-लघवीसाठी लिटर (वाळू) भरून ठेवलेला ट्रे. मांजर बाहेर जाऊन येतं तेव्हा त्याला लघवी होतेय की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही. आताच्या बोक्याला दोन वर्षांपूर्वी लघवी अडकली, रात्री घरात होता म्हणून दिसलं की ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, कण्हतोय आणि वाळू कोरडीच. बोक्यांची मूत्रनळी फार अरुंद असते, खडा किंवा चिकट घाण अडकली की पूर्ण बंद होते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. सकाळी सात वाजता आम्ही दवाखान्याच्या दारात होतो, कॅथेटर घातला, वाचला. बाहेर असता तर आम्ही म्हटलं असतं गेला असेल कुठेतरी, येईल.

आता घरात ठेवण्याचा त्रास, तोही खराखुरा सांगते कारण तो लपवून ठेवला तर लोक चार दिवसांत कंटाळून दार उघडतात. पहाटे चारला ओरडणं, दार खरवडणं, झोपलेल्या माणसाच्या पायाच्या अंगठ्यावर उडी. वन बीएचकेमध्ये हे खूप जाणवतं. ट्रेचा वास येतो, रोज साफ करावा लागतोच, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तो दुसऱ्याने साफ करायचा, कारण मांजराच्या शीमधून टोक्सोप्लाझ्मा हा पोटातल्या बाळाला घातक जंतू येऊ शकतो. ते जंतू बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगे होतात, म्हणून रोजच्या रोज काढलं की धोका खूपच कमी होतो. रेडिमेड लिटर महाग पडतं, आम्ही सुरुवातीला सुताराकडचा भुसा वापरला, चालतो, फक्त लवकर बदलावा लागतो. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे म्हणतात, आम्ही दोनात भागवतो आणि कधीकधी त्याची किंमत मोजतो, कोपऱ्यात धार सापडते. एप्रिल-मेमध्ये बंद खोली तापते तेव्हा खिडकी उघडी पाहिजे पण तिला बारीक लोखंडी जाळी हवी, कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडतं. फ्लॅट तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असेल तर जाळीशिवाय गॅलरी उघडी ठेवूच नका, मांजर पडत नाही हा समज चुकीचा आहे, कबुतरामागे झेपावताना पडतं. आणि बसून बसून वजन वाढतं, ते पण खरंय.

घरातही विष असतं हं. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते. कुत्र्याच्या गोचिडांवरची परमेथ्रिनवाली औषधं मांजराला अजिबात लावायची नाहीत. लिलीची फुलं फुलदाणीत ठेवत असाल तर ती बंद करा, परागकण चाटले तरी किडनी जाते.

उंदरांचं काय, हा प्रश्न जुन्या नाशकातले लोक हमखास विचारतात आणि त्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. माझं माहेर तिवंध्याजवळचं, वाड्यात माळ्यावर, कौलांत, खालच्या धान्याच्या पोत्यांत उंदीर, आणि मांजर रात्री फिरायचं म्हणूनच धान्य वाचायचं. तिथे मांजराला एका खोलीत कोंडणं म्हणजे ते ठेवायचं कारणच संपलं. पण वाड्यातल्या वाड्यात फिरणं आणि बोळात फिरणं यात फरक आहे. आई दिंडी दरवाजा लावून घ्यायची, मागच्या न्हाणीची खिडकी बंद करायची आणि मांजर आत माळ्यावर मोकळं. मला तो मार्ग आजही पटतो. कारण बोळात गेलं की शेजारच्या दुकानात ठेवलेलं उंदराचं औषध आलंच. रक्त न गोठू देणारी जी वडी मिळते ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो, आणि मांजराला असा सुस्त उंदीर आयताच सापडतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर तासाचाही उशीर नको, व्हिटॅमिन के-१ वेळेत मिळालं तर वाचतं.

पक्ष्यांसाठी म्हणून मांजर कोंडणार असाल तर तुमचा हेतू मला मनापासून आवडतो, पण नुसती रात्र पुरत नाही. रात्री कोंडून वाचतात त्या पाली, चिचुंद्र्या, बेडूक. दयाळ, बुलबुल, चिमण्या तर उजाडताना खाली उतरतात आणि बुलबुलाचं घरटं आपल्या जास्वंदीत हाताला लागेल इतकं खाली असतं. मी दार सकाळी साडेसात-आठला उघडायला लागल्यापासून अंगणात पिसं दिसणं खूप कमी झालंय. मार्च ते जून पिल्लांच्या दिवसांत अजून उशिरा. इंग्लंडच्या एक्सिटर विद्यापीठाने २०२१ मध्ये एक अभ्यास मांडला होता, भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी कमी झाली आणि रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. म्हणजे नुसत्या दूध-पोळीवर ठेवलं तर ते शिकार करणारच, पोटाला मांस लागतं त्याला.

तर माझं मत असं. शेत-मळा लागून असेल, मोठा रस्ता जवळ असेल नाहीतर गल्लीत कुत्र्यांची टोळी असेल तर रात्री घरात, यात मला काही शंका उरलेली नाही. फ्लॅट असेल तर चोवीस तास आतच ठेवा, सोडून परत बोलवायची भानगड तिथे जमत नाही. वाडा असेल तर वाड्याच्या आत मोकळं. आणि नसबंदी न करता बोका कोंडायला जाऊ नका, घरभर लघवीचे फवारे मारेल आणि तुम्ही आठवड्यात हार मानाल. नसबंदीनंतरही हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, तेवढा धीर धरा. भाटीचं तर अजूनच महत्त्वाचं, चार-पाच महिन्यांची असताना गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं.

बाहेरची सवय असलेलं मांजर आत आणायचं तर भूक हाच लगाम. दुपारनंतर काही देऊ नका, मुख्य जेवण दिवेलागणीच्या आधी, घरातच, रोज त्याच वेळेला, आणि वाटीवर चमचा वाजवून. आमची भाटी आठव्या-नवव्या दिवशी चमच्याच्या आवाजाला भिंतीवरून धावत यायला लागली. आत आली की दार लावायचं. झोपायच्या आधी दहा मिनिटं दोरी नाहीतर काडीला पिसं बांधून दमेपर्यंत खेळवा आणि त्यावर थोडंसं खायला, शिकार-जेवण-चाटणं-झोप हा त्यांचा क्रम आहे, तो पूर्ण झाला की पहाटेचा आरडाओरडा निम्मा होतो. राहिलेला निम्मा सोसायचा. एकदा जरी चार वाजता वैतागून दार उघडलंत तर ते शिकतं की इतका वेळ ओरडलं की उघडतं, आणि पुढच्या वेळी तेवढंच ओरडतं.

फक्त एका परिस्थितीत मी स्वतः दार उघडून देते. भाटी नुकतीच व्यालेली दिसत असेल, आचळं भरलेली असतील आणि पिल्लं कुठे आहेत हे माहीत नसेल, तर तिला अजिबात कोंडू नका, पिल्लं उपाशी मरतील. तिला पोटभर खायला द्या, जाऊ द्या आणि लांबून मागे जा. आमच्या भाटीची आई अशीच सापडली होती, शेजारच्यांच्या बंद पडलेल्या कूलरमध्ये तीन पिल्लं होती, ती खोक्यात घालून घरात आणली तेव्हाच आई आत आली आणि रात्री आतच राहिली.