दोन टीबीच्या डबीत 64 जीबी

मागच्या मे महिन्यात नागपुरात आमच्या मानेवाड्याच्या घरातल्या कॉम्प्युटरवर डी ड्राइव्हची पट्टी लाल झाली, म्हणजे जागा संपत आली. त्यात 2006 पासूनचे फोटो होते. पोरीच्या बारशापासून ते आई गच्चीवर कुरडया घालतानाच्या व्हिडिओपर्यंत सगळं मिळून 400 जीबीच्या आसपास. भाचा म्हणत होता, "मामा, बाहेरची एक डिस्क घेऊन टाका ना, किती दिवसापासून सांगून राहिलो." म्हणून रविवारी ऊन उतरल्यावर बर्डीच्या बाजारात गेलो.

दोन दुकानांत चौकशी केली. नावाजलेल्या कंपनीची 2 टीबीची, म्हणजे दोन हजार जीबीची, हार्ड डिस्क सहा हजारांच्या आसपास आणि एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी वेगवान डिस्क, तिच्या दुप्पट. तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या पोराने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खालून एक चपटी धातूची डबी काढली. वर कंपनीचं नाव नाही, नुसतं '2 टीबी एसएसडी'.

"काकाजी, हे घ्या. इम्पोर्टचा लॉट आहे. अठराशे."

"इतकं स्वस्त काहून?"

"बिलात पैसे जातात ना काकाजी. चालू करून दाखवतो, मग तर झालं?"

त्याने लॅपटॉपला जोडून दाखवलं. प्रॉपर्टीजमध्ये पूर्ण 2.00 टीबी. त्यावर एक सिनेमा कॉपी केला, लगेच लावून दाखवला. अजून काय पाहिजे? मी क्यूआर स्कॅन केला. पैसे दुकानाच्या नावावर न जाता कुण्या माणसाच्या नावावर गेले, हे दिसलं होतं मला. पण बाहेर गाडी आडवी लावली होती, म्हणून घाईत निघालो. हातात आली वहीचं पान फाडलेली चिठ्ठी: 'डिस्क 1 नग 1800'. जीएसटी नंबर नाही, सिरियल नंबर नाही.

रात्री कॉपी लावली. सकाळी पाहतो तर अजून चालूच. 400 जीबीला जवळपास आठ तास लागले. म्हणजे सेकंदाला 14-15 एमबी. एसएसडी इतकी रेंगाळत नाही, साधी हार्ड डिस्कही याच्या कितीतरी पुढे असते. हे मला तेव्हा कळायला पाहिजे होतं. मला वाटलं, उन्हाने मशीन थकली असेल. नागपुरात मे महिन्यात सगळ्याचंच खापर उन्हावर फोडायची सवय असते.

फोल्डर उघडून पाहिले. नावं सगळी बरोबर, आकार बरोबर. सुरुवातीचे चार-पाच फोटो उघडले, छान दिसले. आणि मग मी डी ड्राइव्हवरचं सगळं पुसून टाकलं. रिसायकल बिनसकट. चूक इथे झाली, आणि ती दुकानदाराची नव्हती.

तीन आठवड्यांनी बहिणीने आईचा व्हिडिओ मागितला. उघडेना. दुसरा उघडेना. 2009 पर्यंतचे फोटो ठीक, पुढे सगळं बंद. भाच्याने डबी हातात घेऊन हलवली, म्हणाला, "मामा, याला स्क्रूच नाहीत." चाकूने कड उचकटली. आत एवढासा कार्ड रीडर, त्यात 64 जीबीचं मेमरी कार्ड आणि चिकटवायला गरम गोंदाचा गोळा. बाकी डबी रिकामी.

यातली मेख समजून घ्या. कार्डाच्या कंट्रोलरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपला, खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटरने विचारलं, किती जागा? तर तो सांगतो 2 टीबी. 64 जीबी भरल्यावर पुढचा माल येतो तेव्हाही तो 'मिळाला, मिळाला' म्हणत राहतो आणि माल जातो कचऱ्यात. काही डब्या तर पहिल्या फायलींवरच पुढचं लिहितात. फायलींच्या नावांची यादी मात्र सुरुवातीच्या खऱ्या जागेत बसलेली असते, म्हणून नाव दिसतं, आकार दिसतो, आत काही नसतं. एक सिनेमा टाकून दाखवणं म्हणजे विहिरीत एक बादली ओतून विहीर भरली म्हणण्यासारखं.

हे पकडायला फुकटचं साधन आहे. विंडोजवर 'एच2टेस्टडब्ल्यू', लिनक्स आणि मॅकवर 'एफ3'. डिस्क पूर्ण भरेपर्यंत ते ओळखीचा नमुना लिहितं आणि मग तोच वाचून जुळवतं. आमच्या डबीचा निकाल आला: जवळपास 59 जीबी ठीक, बाकी 'डेटा लॉस्ट'. ही चाचणी नवीन, रिकाम्या डिस्कवरच करा. 2 टीबीला अर्धा दिवस सहज लागतो, लागू द्या.

दुकानात परत गेलो. तोच पोरगा. "हे आमच्याकडचंच आहे कशावरून?" चिठ्ठी दाखवली तर म्हणे, अक्षर माझं नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदवून घेतली, पण हेल्पलाइन नुसती मध्यस्थी करते, दुकानदाराने हातच वर केले तर तिथेच थांबतं. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. खरं सांगतो, मी अजून गेलेलो नाही. पक्कं बिल नाही, अठराशे रुपये, आणि रोजची ड्युटी.

मग रामदासपेठेतून पक्क्या बिलावर साधी हार्ड डिस्क घेतली. घरच्या बॅकअपला एसएसडीचा वेग लागतही नाही. जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डबीवर चौथंच नाव असलं तरी आतली हार्ड डिस्क या तिघांपैकीच कुणाची तरी असते. घरी जोडली तर विंडोजने 1.81 टीबी दाखवलं. माझ्या पोटात गोळा. भाचा हसला. खरी 2 टीबी इतकीच दिसते, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने. पूर्ण 2.00 दाखवणारी ती बर्डीची डबीच होती! सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून पाहिला. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या 'क्रिस्टलडिस्कइन्फो' प्रोग्राममध्ये डिस्क चालू राहिल्याचे तास पाहिले, शून्य. अर्थात त्या शून्यावरही डोळे मिटून विसंबू नका. 2025 च्या सुरुवातीला वापरलेल्या डिस्का तास शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं जर्मनीत उघडकीला आलं होतं.

जुन्या डी ड्राइव्हवर नशिबाने फार काही नवीन लिहिलं नव्हतं. पुसलेल्या फायली शोधणाऱ्या 'फोटोरेक' प्रोग्रामने बरेच फोटो परत काढले, पण नावं, तारखांचे फोल्डर सगळं गेलं. एफ पुढे लांबलचक आकडा, अशी हजारो फोटोंची रास. दर रविवारी तासभर बसतो. मागच्या आठवड्यात पोरीचं बारसं सापडलं, पाळण्याच्या फोटोला लागून कुठल्यातरी लग्नातली पंगत. आईचा व्हिडिओ तुकड्यांत होता, तो जुळला नाही. वर्ध्याच्या बहिणीच्या फोनमध्ये त्यातला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला चाळीस सेकंदांचा तुकडा निघाला, तो आता दोन डिस्कवर आहे.