बडोद्यात टॅरो रीडिंग, नात्याच्या गुंत्यासाठी गेले होते

दांडिया बाजारात एका ताईंकडे जाऊन आले, घरीच टॅरो म्हणजे चित्रांची कार्डं मांडून बघतात, पाऊण तासाचे 700 रुपये. चार वर्षांचं नातं, तो आता कॅनडात, फोन करतो पण लग्नाचा विषय काढला की गप्प, त्यात ऑफिसमधला एक मित्र फार जवळचा झालाय, हे सगळं आईला सांगू शकत नव्हते म्हणून गेले.

ताई आधीच म्हणाल्या, "तो परत येईल का हे विचारू नकोस, तुला काय दिसत नाहीये ते विचार." इथेच मला धीर आला. आधी एके ठिकाणी वशीकरणाचे अकरा हजार सांगितले होते, रडत घरी आले होते मी.

कार्ड जुनी, रायडर-वेट नावाच्या संचाची, 78, चित्रं पामेला कोलमन स्मिथची, 1909 सालची. मांडणीत माझ्यासाठीच्या जागी एट ऑफ कप्स हे कार्ड आलं. आठ पेले रचलेले, मधे एका पेल्याची जागा रिकामी, आणि लाल झग्यातला माणूस पाठ फिरवून डोंगराकडे चाललाय. ताई म्हणाल्या, बघ, एकही पेला फुटलेला नाही, तरी तो निघालाय. मी बघतच बसले, कारण मी सगळ्यांना हेच सांगत होते ना, की भांडणच झालं नाही तर सोडू कशी!

मित्राचं मात्र घाईत उरकलं, तिथे अजून दहा मिनिटं हवी होती. तारीखबिरीख सांगत नाहीत ते बरंच आहे. शनिवारी गर्दी असते, फोन करूनच जा, मी पुढच्या महिन्यात परत जाणार आहे.