प्रसिद्ध फोटोच्या शेजारचे फोटो: लायब्ररी ऑफ काँग्रेसची ऑनलाइन छायाचित्रसूची

गॉर्डन पार्क्स यांनी 1942 मध्ये वॉशिंग्टनमध्ये काढलेला एला वॉटसन यांचा फोटो बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. मागे टांगलेला अमेरिकेचा झेंडा, समोर ठिपक्यांचा पोशाख घातलेल्या सरकारी कार्यालयातल्या सफाई कामगार बाई, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला मॉप. हा एकच फोटो पाहून थांबलं तर हातात उरते ती घोषणा. पण पार्क्स जवळपास महिनाभर वॉटसनबाईंसोबत फिरले होते, कामावर, घरी, चर्चमध्ये. कृष्णवर्णीयांच्या रोजच्या जगण्याचं चित्रण ही चळवळ कशी होते, ते त्या अख्ख्या मालिकेतच कळतं. ती मालिका फुकट, मोठ्या आकारात आणि घरबसल्या बघता येते, ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या प्रिंट्स अँड फोटोग्राफ्स विभागाच्या ऑनलाइन सूचीत. सेवा उत्तम आहे, पण नुसता शोध टाकून बसलात तर निम्मं हाती लागणार नाही.

कृष्णवर्णीयांच्या जगण्याचं हे चित्रण शोधायचा मुख्य साठा म्हणजे फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन आणि ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन या सरकारी खात्यांच्या कृष्णधवल निगेटिव्ह. काळ 1935 ते 1944, संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास. पार्क्स यांचं वॉशिंग्टन आणि 1943 मधलं हार्लेम, रसेल ली आणि एडविन रॉसकॅम यांची 1941 मधली शिकागोची साउथ साइड, जॅक डेलानो यांची जॉर्जियातली ग्रीन काउंटी, आर्थर रोथस्टीन यांचं 1937 मधलं अलाबामातलं गीज बेंड, अशा ठिकाणच्या कृष्णवर्णीयांच्या जगण्याचं हे सगळं चित्रण इथेच आहे. आधी हा संग्रह निवडा आणि मगच शोधा. संपूर्ण सूचीत शोध टाकला तर पोस्टर, व्यंगचित्रं, नकाशे सगळं एकदम अंगावर येतं.

खरी अडचण शब्दांची. कॅप्शन त्या काळातलं आहे आणि ते तसंच ठेवलंय, त्यामुळे आजचा 'आफ्रिकन अमेरिकन' हा शब्द टाकून फार थोडं सापडतं. इंग्रजीत 'निग्रो' आणि 'कलर्ड' हे त्या काळचे शब्द टाइप करावे लागतात. ते टाइप करताना हात अडखळतो, पण तो काळ कॅप्शनमध्ये तसा नोंदलेला आहे आणि नोंद पुसून टाकली तर पुरावाच जातो. एवढं करूनही अर्धंच काम होतं. अनेक फोटोंच्या कॅप्शनमध्ये वंशाचा उल्लेखच नाही, फक्त माणसाचं नाव किंवा काम आहे. म्हणून दुसरी फेरी जागेच्या नावाने करा, तिसरी छायाचित्रकाराच्या नावाने आणि चौथी कामधंद्याच्या शब्दाने.

झेंड्यासमोरच्या त्या फोटोचंच बघा. निगेटिव्हच्या मूळ कॅप्शनमध्ये एला वॉटसन हे नाव नाही. 'वॉशिंग्टन डीसी, सरकारी सफाई कामगार' एवढंच आहे. मालिकेतल्या इतर बऱ्याच फोटोंवर मात्र त्यांचं नाव आहे. ज्या फोटोमुळे जग त्यांना ओळखतं, नेमकं त्याच फोटोच्या ओळीतून त्या नावाने गायब आहेत. म्हणूनच या सूचीत एका फोटोवर थांबायचं नाही, त्याचे शेजारी बघायचे.

शेजारी बघण्याचे दोन रस्ते आहेत. नोंदीच्या पानावर कॉल नंबर, म्हणजे ग्रंथालयाने दिलेला ओळखक्रमांक असतो, या फोटोचा एलसी-यूएसएफ34-013407-सी. त्यातला मधला आकडा एकेकाने मागेपुढे करून शोधला की लागूनच्या निगेटिव्ह उघडतात. सूचीत शेजारच्या क्रमांकाच्या नोंदी दाखवणारी लिंकही असते, ती वापरली तर काम आणखी सोपं. मात्र क्रमांक म्हणजे फोटो काढल्याचा क्रम असं धरून चालू नका, मध्येच दुसऱ्याच विषयाचा फोटो येतो. दुसरा रस्ता 'लॉट'चा. पॉल व्हँडरबिल्ट यांनी 1940 च्या दशकात प्रिंटचे विषयवार गट लावले, त्या गटाचा क्रमांक कॉल नंबरच्या पुढे दिलेला असतो. त्यातून छायाचित्रकाराला दिलेलं एक काम सलग दिसतं. फक्त लॉट प्रिंटचे आहेत, त्यामुळे ज्या निगेटिव्हची प्रिंट काढलीच नाही ती लॉटमध्ये सापडत नाही. अशा निगेटिव्हना चौकटी कंसात 'शीर्षक नाही, बहुधा अमुक फोटोशी संबंधित' अशी सूचीकारांनी दिलेली ओळ असते. त्या अजिबात वगळू नका. संपादकाने बाजूला ठेवलेले फोटो तिथेच आहेत. सुरुवातीच्या वर्षांतल्या काही निगेटिव्हवर तर मधोमध काळा गोल दिसतो. प्रकल्पप्रमुख रॉय स्ट्रायकर नाकारलेल्या निगेटिव्हला पंचने भोक पाडत, त्याची ती खूण. स्कॅनमधला दोष समजू नका.

वॉटसन मालिकेत असं चाललं की काय दिसतं? कार्यालय सुटल्यावर रिकाम्या खोल्या झाडणाऱ्या बाई. शयनगृहातल्या ड्रेसरवर मांडलेलं देवघर, मूर्ती आणि हत्तींसकट. सेंट मार्टिन्स स्पिरिच्युअल चर्चमधला फुलांच्या पात्राचा वार्षिक विधी, पाद्री पवित्र पाण्यात उभे आणि भोवती गुलाब. आणि सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा एक घरातला फोटो: उजवीकडे दारातून तीन नातवंडांसह वॉटसनबाई दिसतात, डावीकडे ड्रेसरच्या आरशात दत्तक मुलगी आणि तिच्या शेजारी चौकटीतला एका जोडप्याचा जुना फोटो. एका फ्रेममध्ये तीन पिढ्या बसवल्यात, आणि कुणालाही बापुडवाणं केलेलं नाही. झेंड्याच्या फोटोतला आरोप या घरामुळे खरा ठरतो, कारण अन्याय कुणावर होतोय ते इथे दिसतं.

डाउनलोड करताना जेपेग घेऊ नका, थेट सर्वांत मोठी टिफ फाइल घ्या. प्रिंट काढायची असेल तर आधी पिक्सेल मोजा: लांब बाजूला 3,600 पिक्सेल असतील तर 300 पीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) 12 इंचांची प्रिंट निघते, त्यापुढे ताणू नका. स्कॅन मुद्दाम सपाट, राखाडी ठेवलेले असतात. इथेच सगळ्यात मोठी चूक होते. 'फोटो उठावदार करू' म्हणून कॉन्ट्रास्ट चढवला की गडद त्वचेवरचे बारीक टोन आधी जातात आणि चेहरा काळा ठिपका होऊन बसतो. ऑटो लेव्हल्स, म्हणजे उजेड-अंधार आपोआप जुळवणारी सोय, वापरू नका. चेहऱ्याचा भाग 100 टक्क्यांवर मोठा करून बघा, गाल आणि डोळ्यांखालची सावली वेगवेगळी दिसली पाहिजे. काळा बिंदू, म्हणजे फोटोतला सर्वांत गडद काळा, ठरवायचा तो झेंड्यामागच्या किंवा खोलीतल्या सावलीवरून, माणसावरून कधीही नाही. मॅट कागदावर सावल्या आणखी मिटतात, तेव्हा आधी छोटी टेस्ट प्रिंट काढाच.

हक्कांबाबत एक गैरसमज पक्का आहे, की पार्क्स यांचे सगळेच फोटो मोफत. या सरकारी खात्यांसाठी काढलेले फोटो मुक्त आहेत. 1948 पासून त्यांनी 'लाइफ' मासिकासाठी काढलेले नाहीत, त्यांची परवानगी वेगळी घ्यावी लागते. प्रत्येक नोंदीतली हक्कांची ओळ वाचा. इतर काही संग्रहांचं, ग्रंथालयाच्या इमारतीबाहेर, नुसतं थंबनेलच दिसतं. त्यात सेवेचा बिघाड नाही, हक्क स्पष्ट नसल्याने ते तसं ठेवलंय.

उणीव सांगायची तर ही नजर बहुतांशी बाहेरची आहे. या सरकारी चमूत पार्क्स यांच्यासारखे कृष्णवर्णीय छायाचित्रकार मोजकेच होते. ती कसर याच सूचीतला दुसरा संग्रह थोडी भरतो: कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांचा हात असलेल्या 1900 च्या पॅरिस प्रदर्शनातल्या दालनासाठी जमवलेले सुमारे 500 फोटो. जॉर्जियातली सुस्थितीतली घरं, दुकानं, चेहरे असं सगळं वंशवादी कल्पनांना उत्तर म्हणून मांडलेलं. वस्तीतल्याच माणसाने दशकानुदशकं काढलेले फोटो हवे असतील तर पिट्सबर्गला कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टकडचा टीनी हॅरिस संग्रह बघा. सुमारे 80,000 निगेटिव्ह, आणि तिथे वस्तीतल्या ज्येष्ठांना बसवून फोटोतल्या माणसांची नावं नोंदवून घेतलीत. वॉशिंग्टनच्या सूचीला हे काम अजून बरंच करायचंय.

वापरलेल्या फोटोखाली ग्रंथालय, विभाग, संग्रह, छायाचित्रकार आणि पूर्ण निगेटिव्ह क्रमांक द्या. आणि मूळ कॅप्शनमध्ये नसलं तरी तिथे एला वॉटसन हे नाव लिहा.