मायामी २०२४ रीप्ले: नॉरिसची ऑनबोर्ड फीडच लावा

एफ-वन टीव्हीवर (फॉर्म्युला वनची स्ट्रीमिंग सेवा) मायामी ग्रां प्रीची ५७ लॅप्सची ही रेस पुन्हा बघायची तर मुख्य फीड २७व्या लॅपपर्यंत पळवली तरी चालेल. पुढे मात्र मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसची ऑनबोर्ड, म्हणजे गाडीवरच्या कॅमेऱ्याची फीड, लावा. वर्स्टापेन, पियास्त्री, साइन्झ हे प्रतिस्पर्धी टायर बदलून मोकळे झालेले, नॉरिस मात्र टायर न बदलता अजून ट्रॅकवरच. २८व्या लॅपला मॅग्नुसेन-सार्जंट धडकले, सेफ्टी कार आली, तिच्यामागे सगळ्यांचा वेग मंदावला आणि नॉरिसचा पिट स्टॉप (टायर बदलायचा थांबा) कमी वेळ गमावून, स्वस्तात पडला. नशीब? थोडंफार. पण रीस्टार्टनंतर वर्स्टापेनला साडेसात सेकंदांनी मागे टाकणं नशिबाचं काम नव्हे.

११०व्या रेसमधला पहिला विजय! ‘लँडो नोविन्स’ (‘नो विन्स’, म्हणजे एकही विजय नाही) म्हणून चिडवणारेही त्या रात्री अभिनंदन करत होते. ऑनबोर्डवर कॉमेंट्री नसते, त्यामुळे नवख्यांना गॅपचं, म्हणजे गाड्यांमधल्या सेकंदांच्या अंतराचं, गणित कळणार नाही. शेजारी टायमिंग स्क्रीन उघडी ठेवा.