क्रॉसबो आणि हरणाची शिकार : अख्खा हंगाम वापरून झाल्यावर

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखं धरून ट्रिगरने बाण सोडायचं आडवं धनुष्य. त्याच्या खोक्यावर सगळ्यात ठळक काय छापलेलं असतं, तर बाणाचा वेग. सेकंदाला 370 फूट, 420, 450, आता तर 500 सुद्धा. मी घेतलेला क्रॉसबो कंपाउंड (चाकं आणि केबल असलेल्या) प्रकारचा, 370 चा, दोरीचा ताण 185 पौंड. उन्हाळाभर टार्गेटवर आणि पुढे व्हाइटटेल (अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या) हरणाचा अख्खा हंगाम तो वापरल्यावर माझं मत असं झालंय की खरेदी करताना हा आकडा सगळ्यात शेवटी बघावा. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या वर्गातल्या बहुतेक मॉडेलांना पुढचं सगळं लागू आहे.

आधी एक खुलासा. हे सगळं अमेरिकेतल्या परवाना काढून केलेल्या शिकारीबद्दल आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे तिकडे कुणी याचा विचारही करू नये. अमेरिकेतही राज्यागणिक कायदा बदलतो. ओहायोत क्रॉसबोने शिकार कित्येक दशकं चालते, ओरेगॉनमध्ये ती मुळातच बंद आहे. दोरीचा किमान ताण, बाणाच्या टोकावरच्या पात्याची किमान रुंदी, भगवं जॅकेट कधी सक्तीचं, हे सगळं आपापल्या राज्याच्या चालू वर्षाच्या पुस्तिकेत बघायचं. मित्राने सांगितलं म्हणून चालत नाही.

तर वेग. 370 हा आकडा कंपनीने साधारण 370 ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) हलक्या बाणावर मोजलेला. मी पात्यासकट 425 ग्रेनचे बाण वापरतो आणि क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजायच्या यंत्रावर, ते 350 च्या आसपास दिसतात. वीस फूट गेले म्हणून हळहळायचं कारण नाही. ऊर्जा काढायचा हिशेब सोपा आहे : बाणाचं ग्रेनमधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले 4,50,240. हलक्या बाणाचे साधारण 112 फूट-पौंड येतात, जड बाणाचे 115 च्या वर. म्हणजे जड बाण सावकाश जातो, पण धनुष्यातली जास्त ऊर्जा सोबत घेऊन जातो. उरलेली ऊर्जा धनुष्यातच कंप आणि आवाज होऊन बाहेर पडते, आणि हरणाच्या शिकारीत आवाज हाच खरा वैरी.

ध्वनी सेकंदाला साधारण 1,125 फूट जातो. बाजारातला कुठलाही क्रॉसबो त्याच्या जवळपासही नाही. चाळीस यार्डांवर हरीण उभं असेल तर दोरीचा आवाज त्याच्या कानावर सेकंदाच्या दहाव्या भागात पोचतो, आणि माझा बाण पोचायला त्याच्या तिपटीहून जास्त वेळ लागतो. मधला पाव सेकंद हरणाला पुरतो. ते पळायच्या तयारीत आधी पाय दुमडून खाली बसकण घेतं, आणि फुप्फुसावर धरलेला नेम पाठीच्या वरून निघून जातो किंवा, त्याहून वाईट, पाठीत वर कुठेतरी लागतो. 400 चा क्रॉसबो असता तर या पाव सेकंदातले फार तर पाच शतांश सेकंद वाचले असते. वीस यार्डांवर मात्र हरणाला मिळणारा वेळच निम्मा होतो. म्हणून वेगाला पैसे मोजण्यापेक्षा जवळून मारणं स्वस्त आणि खात्रीचं. माझी हद्द तीस यार्ड. हरणाने मान वर करून कान टवकारले असतील तर वीसच्या पुढे मी ट्रिगरला बोटही लावत नाही.

अंतर डोळ्यांनी जोखायच्या भानगडीत पडू नका, रेंजफाइंडर घ्याच. माझ्या धनुष्याचा नेम वीस यार्डांवर पक्का केला, तर त्याच खुणेने तीसवर बाण तीनेक इंच खाली लागतो आणि चाळीसवर नऊ-दहा इंच. व्हाइटटेलचं काळीज आणि फुप्फुसं मिळून जेमतेम आठ-दहा इंचांचं वर्तुळ होतं. म्हणजे चाळीसवरचं हरीण वीसवर समजून मारलं की बाण थेट त्या वर्तुळाबाहेर. स्कोपमध्ये वीस, तीस, चाळीस अशा वेगवेगळ्या खुणा असतात, पण त्या तुमच्या बाणाच्या खऱ्या वेगाशी जुळवाव्या लागतात. आधी वीसवर वरच्या खुणेचा नेम बसवायचा, मग लांबच्या अंतरावर मारून वेगाची रिंग फिरवत खालची खूण जुळवायची. खोक्यावरच्या 370 वर रिंग लावली तर लांबचे बाण खालीच लागणार.

आता ज्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही ती गोष्ट : दोरी चढवणं. अचूकतेचा निम्मा मामला इथेच ठरतो. दोरी रेलच्या (बाण ज्यावरून सरकतो त्या पट्टीच्या) मधोमध न येता एक-दोन मिलिमीटर एका बाजूला ओढली गेली, तरी लांबवर बाण इंचांच्या हिशेबात डावा-उजवा होतो आणि माणूस स्कोपला शिव्या घालत बसतो. हाताने चढवलेली दोरी दर वेळी मधोमध येईलच असं नाही. म्हणून दोर, हुक आणि कप्पे असलेल्या साधनानेच चढवायची. रिकिबीत पाय घट्ट रोवायचा, साधनाचे दोन्ही हुक रेलला चिकटतील असे दोरीत अडकवायचे आणि दोन्ही हात सारख्या गतीने वर आणायचे. कप्प्यांमुळे जोर निम्मा लागतो, तरी नव्वद-ब्याण्णव पौंड म्हणजे गंमत नाही. खांदा किंवा कंबर कुरकुरत असेल तर क्रँक, म्हणजे दांडा फिरवून दोरी ओढायचं साधन, घ्या. वेळ जास्त लागतो, पण दर वेळी दोरी तितकीच आणि तिथेच येते. मी दोरीवर रेलच्या दोन्ही कडांना पांढऱ्या मार्करने बारीक रेघ मारून ठेवलीय. चढवल्यावर दोन्ही रेघा रेलपासून सारख्या अंतरावर दिसल्या तरच बाण ठेवायचा, नाहीतर बाण मारून दोरी मोकळी करायची आणि पुन्हा चढवायची. टार्गेटवर तीन बाणांचा झुबका घट्ट झाला तो स्कोपने नव्हे, या दोन रेघांनी.

बाण आणि त्याचं नॉक यावर थोडं. नॉक म्हणजे बाणाचा मागचा, दोरीला टेकणारा भाग. सपाट, अर्धचंद्राकृती आणि दोरीला पकडणारं असे त्याचे प्रकार आहेत, आणि तुमच्या धनुष्याच्या पुस्तिकेत जो लिहिलाय तोच वापरायचा. चुकीचं नॉक असलं किंवा बाण मागे पूर्ण टेकला नसला तर दोरी बाणाच्या वरून किंवा खालून सरकून जाते. याचा परिणाम रिकामा बार उडवल्यासारखाच : सगळी ऊर्जा लिंबांत (limbs, धनुष्याच्या दोन्ही बाजूंच्या वाकणाऱ्या भुजांत) आणि केबलांत जाते, लिंब फुटतात, तुकडे तोंडावर येतात. हल्ली बहुतेक धनुष्यांत बाणाशिवाय ट्रिगर सुटू नये म्हणून अडसर असतो, पण तो दोरी अर्धवट सरकण्यापासून वाचवत नाही. कंपनीने सांगितलेल्या किमान वजनाहून हलका बाणही याच कारणासाठी नको.

अंगठ्याचं सांगितलंच पाहिजे. पुढच्या हाताची बोटं आणि अंगठा रेलच्या रेषेच्या खाली राहिलाच पाहिजे. 185 पौंडांची दोरी अंगठ्यापाशी थांबत नाही. माझ्या धनुष्याच्या मुठीला दोन्ही बाजूंना पंख आहेत. ते नसलेलं मॉडेल कितीही देखणं असलं तरी घेऊ नका, असं मी सरळ म्हणेन. तसंच लिंबांचं. सुटताना ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात, तेव्हा मचाणाचा कठडा, झाडाची फांदी किंवा लपून बसायच्या तंबूची कड वाटेत आली की संपलं. तंबूच्या खिडकीत आणखी एक चकवा आहे. स्कोप रेलच्या अडीच-तीन इंच वर असतो, त्यामुळे स्कोपमधून हरीण स्वच्छ दिसतं आणि बाण मात्र खिडकीच्या कापडातून जातो.

मचाणावर चढताना धनुष्य दोरी न चढवलेलं, बाण भात्यात, आणि दोन्ही हात मोकळे. वर बसून हार्नेस झाडाला अडकल्याची खात्री झाली की मग दोराने धनुष्य वर ओढून घ्यायचं. हार्नेस वर बसल्यावर घालायची गोष्ट नाही. जमिनीपासून वरपर्यंत लाइफलाइन (सुरक्षेचा दोर) बांधून तिच्या गाठीला पहिल्या पायरीपासून अडकून राहायचं, कारण माणसं पडतात ती बहुतेक चढता-उतरताना. संध्याकाळी उतरण्याआधी चढवलेली दोरी मोकळी करणं हा क्रॉसबोचा कायमचा जाच. माझ्या मॉडेलमध्ये ती हळूच सोडायची सोय नाही. मी साध्या टोकाचा एक जुना बाण वेगळा ठेवतो आणि मऊ मातीत किंवा छोट्या टार्गेटमध्ये मारून धनुष्य मोकळं करतो. उलट फिरवून दोरी सोडता येणारा क्रँक परवडत असेल तर तो घ्यावा, वेगासाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा.

पात्यांचे दोन पंथ आहेत आणि भांडणं संपत नाहीत. स्थिर पातं मजबूत, त्यात बिघडण्यासारखं काही नाही, पण क्रॉसबोच्या वेगाला ते वारा धरतं, त्यामुळे त्याचा नेम वेगळा तपासावा लागतो. उघडणारं पातं साध्या टोकासारखं सरळ उडतं आणि मोठी जखम करतं, पण उघडताना ऊर्जा खातं, आणि काही राज्यांत त्यावर बंधनं आहेत. शंभरच्या वर फूट-पौंड हाताशी असताना ऊर्जेची चिंता करण्याजोगी नाही. तरी मी स्थिर तीन पात्यांवरच आहे, त्यांना घरी धार लावता येते म्हणून. कुठलंही घ्या, पण ज्या पात्याने मारणार त्याच पात्याने टार्गेटवर तपासा.

हंगामात मारलेली एक मादी सांगण्यासारखी आहे, कारण तिथे सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. वारा तोंडावर, मादी बावीस यार्डांवर पूर्ण आडवी, पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकलेला. मचाण उंच असल्याने नेम बाण कुठे शिरतो यापेक्षा पलीकडून कुठे निघेल ते बघून धरायचा असतो. पलीकडच्या पुढच्या पायाच्या आतल्या अंगाने बाण निघायला हवा, म्हणजे दोन्ही फुप्फुसं सापडतात. तिने मागच्या पायांची लाथ झाडली आणि झुडपात घुसली. बाण पलीकडे पाचोळ्यात रुतला होता, मागचं दिव्याचं नॉक हिरवं पेटलेलं. त्यावरचं रक्त गुलाबी, बारीक बुडबुड्यांचं. हे फुप्फुसाचं रक्त. तरी अर्धा तास जागेवरून हललो नाही. माग साठेक यार्डांत संपला.

रक्त वाचता येणं नेमाइतकंच महत्त्वाचं आहे. गडद, जवळजवळ काळपट लाल रक्त म्हणजे यकृत. चार ते सहा तास थांबा. बाणावर हिरवट-तपकिरी घाण आणि आंबूस वास, हरीण पाठ वाकवून चालत गेलं, म्हणजे पोटात लागलंय. आठ-बारा तास मागे जायचंच नाही. घाईने मागे लागलं की जखमी जनावर उठून मैलभर जातं आणि कोल्ह्यांच्या तोंडी पडतं. समोरून येणाऱ्या किंवा तोंड आपल्याकडे करून उभ्या हरणावर बाण सोडायचाच नाही. बंदुकीची गोळी जे करते ते बाण करत नाही, तो रक्तस्राव करून मारतो. आडवं किंवा किंचित पाठमोरं, एवढ्याच दोन अवस्था.

तक्रारी आहेतच. पुढचा भार जास्त आहे; सात पौंडांचं धनुष्य हातावर तोलून नेम धरणं दोन मिनिटांत नकोसं होतं, त्यामुळे मचाणावर टेकू लागतोच. सेफ्टीचा खटका सरकवताना टक् असा आवाज येतो आणि गोठलेल्या सकाळी तो हरणाला ऐकू जातो. अंगठा आणि तर्जनी दोन्हींनी धरून दाबत सरकवला तर आवाज मरतो. भाता धनुष्यावर लावलेला असला की बाण सुटताना खडखडतो, म्हणून शिकारीत तो काढून झाडाला टांगतो. सोबत आलेला स्कोप उजेडात ठीक आहे, पण हरणं हलतात नेमकी झुंजूमुंजू उजेडात, आणि तेव्हा तो गढूळ होतो. पहिला बदल तोच करणार आहे. स्कोपचे स्क्रू मात्र वरचेवर तपासावे लागतात, कंपाने सैल होतात.

रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या साध्या लिंबांचा क्रॉसबो, घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. कॅनडातली एक्सकॅलिबर ही कंपनी त्यासाठीच प्रसिद्ध आहे. रिकर्व्हला केबल नाहीत, चाकं नाहीत, दोरी तुटली तर जंगलातच बदलता येते. माझ्या कंपाउंडला दोरी बदलायची तर लिंब दाबून धरणारा प्रेस लागतो, म्हणजे दुकानात खेप. पण रिकर्व्ह रुंद असतो आणि अरुंद तंबूत लिंब कापडाला लागतात. मचाणावर उघड्यावर बसणाऱ्याने तो जरूर बघावा.

देखभालीत मेण आणि तेल यांची गल्लत करू नका. मेण दोरीच्या उघड्या धाग्यांना आणि केबलांना, बोटांनी घासून गरम करत. दोरीच्या मध्यावर धागा गुंडाळलेला असतो, त्या रेलवर सरकणाऱ्या गुंडाळीला मेण नाही. रेलला कंपनी सांगते ते तेल, एक-दोन थेंब. मधल्या गुंडाळीचे धागे सुटायला लागले की धनुष्य खाली ठेवा आणि आधी दुकान गाठा.

आणखी एक, शिकार झाल्यावरचं. हरणांमध्ये सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) नावाचा मेंदूचा आजार आहे, तो 1967 मध्ये कोलोरॅडोत प्रथम दिसला आणि आता बऱ्याच राज्यांत पसरलाय. तुमच्या भागात तो असेल तर डोकं तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवा, आणि मेंदू व मणका कापू नका. कापताना पात्याचा तुटका तुकडा आत राहिला नाही ना, तेही बघा. मी भात्यात परत ठेवण्याआधी बाणावरची पाती मोजतो आणि तीन भरली नाहीत तर मांस हाताने चाचपत नाही, सुरीच्या टोकाने शोधतो.